पाठमोऱ्या वखारी

उद्घाटनाच्या भाषणांच्या मध्येच परिषदेच्या सचिवांनी माइक ओढून घेतला आणि जाहीर करून टाकलं, "उद्या सकाळी जुन्या बंदराची सहल आहे. ती दाखवायला खुद्द बंदरसर आपल्यात आहेत, हे आपलं भाग्य."

टाळ्या पडल्या. बंदरसरांनी उभं राहून हात जोडले आणि बसताना अंदाज चुकून शेजारच्या पाहुण्यांच्या मांडीवर टेकले.

बंदरसर हे त्यांचं कॉलेजातलं नाव. या बेटावरच्या जुन्या बंदराबद्दल त्यांनी दोन जाडजूड ग्रंथ लिहिले होते, आणि बेटावर ते आयुष्यात पहिल्यांदा उतरले होते काल संध्याकाळच्या लाँचने. सगळं संशोधन घरच्या टेबलावर, दप्तरखान्यातून मिळवलेल्या एका जुन्या नकाशाच्या झेरॉक्सवर झालं होतं. नकाशात समुद्र नव्हता, डोंगर नव्हता, फक्त वखारींची गल्ली होती, आणि दिशांवरून पाहता वखारींचे दरवाजे डोंगराकडे उघडत होते. बंदरातल्या वखारी समुद्राकडे पाठ करून का उभ्या? व्यापाऱ्याच्या मनात खोल दडलेली समुद्राची भीती, असं सरांनी चारशे पानांत सांगितलं. ग्रंथ गाजला. मग दुसऱ्या विद्यापीठातल्या एका विद्वानाने तितकाच जाड ग्रंथ लिहून सरांना खोडून काढलं. त्यांचं म्हणणं, भीती वगैरे झूट, जकात चुकवून माल डोंगराच्या बाजूने पळवायचा होता. सर त्यांना 'खंडनकार' म्हणत. पंधरा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण दोघांच्याही विद्यार्थ्यांना पीएचडी मात्र वेळेवर मिळत होती.

चहाच्या सुट्टीत सरांनी बायकोला बाजूला घेतलं. "अगं चल, आत्ताच जाऊन सगळं बघून येऊ. उद्या चाळीस जणांना घेऊन मी गल्लीबोळात चाचपडत फिरू काय?"

बाई शाळेत भूगोल शिकवत. त्या निमूट चपला घालून निघाल्या.

वखारी सापडायला दहा मिनिटं लागली. काळ्या दगडाच्या, एका ओळीत सहा. प्रत्येकीला बैल गाडीसकट आत जाईल एवढा दरवाजा. दरवाज्यापुढे रुंद पायऱ्या, आणि पायऱ्यांपुढे, जरा पाय घसरला तर थेट आत, समुद्र.

सरांनी झेरॉक्स उघडून दरवाजे मोजले. मग तिथल्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, "दरवाजे पलीकडे आहेत ना? डोंगराकडे?"

"तिकडे भिंत आहे, साहेब. एक झरोका आहे. त्यातून मांजर येतं."

"हे दरवाजे नंतर भिंत फोडून केले असतील."

"माझा पणजा इथेच हमाल होता. तो काय झरोक्यातून पोती आत टाकायचा?"

बाईंनी झेरॉक्स मागून घेतली, एकदा पाहिली आणि उलटी धरली. "अहो, वरची बाजू दक्षिण आहे. जुने नकाशे असे असतात. आमच्या सातवीच्या मुलींना पण ठाऊक आहे."

"वीस वर्षं तो नकाशा आपल्या जेवणाच्या टेबलावर होता. तेव्हा नाही बोललीस?"

"तुम्ही कधी हात लावू दिलात? डाळीचा डाग पडेल म्हणत होतात."

सर पायरीवर मटकन बसले. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक गृहस्थ हातातल्या कागदात डोकं खुपसून आले आणि समुद्राशी येऊन गपकन थांबले. ते खंडनकार होते. हातात तीच झेरॉक्स.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं.

"आपण उद्घाटनाला नाही?" सरांनी विचारलं.

"तुम्ही दाखवाल ते उद्या खोडायचं होतं. म्हटलं, आधी एकदा बघून ठेवावं." खंडनकार शेजारी बसले. "मी नकाशा तुमच्याच ग्रंथातून घेतला होता हो."

"तपासायचात की."

"तुमच्यावर विश्वास ठेवला. आयुष्यात तेवढा एकदाच."

पंधरा वर्षांत झालं नव्हतं इतकं बोलणं त्या अर्ध्या तासात झालं. उठताना दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उठले. बाई म्हणाल्या, "सरळ सांगून टाका. चूक होते माणसाची." त्यावर दोघांनी एका सुरात सांगितलं, की हा विषय वाटतो तितका सोपा नाही.

दुसऱ्या दिवशी चाळीस विद्वानांना डोंगराच्या बाजूने आणण्यात आलं. बंदरसर पुढे, खंडनकार मागे. कोणी वाट चुकून समुद्राकडे वळू नये म्हणून. भिंतीशी येऊन सरांनी झरोक्याकडे बोट दाखवलं.

"हा तो सुप्रसिद्ध दरवाजा."

"फार लहान वाटतो," कोणीतरी म्हणालं.

"इतर बाबतीत मतभेद आहेत, पण इथे मी सरांशी सहमत आहे," खंडनकार मागून गरजले. हे दोघं सहमत आहेत म्हटल्यावर शंका घेणं असभ्यपणाचं दिसलं असतं. सगळ्यांनी फोटो काढले. झरोक्यातून मांजर बाहेर आलं, त्याचेही काढले.

परिषदेच्या अध्यक्षबाईंना तेवढ्यात ऊन लागलं, म्हणून सावली शोधत त्या वळसा घालून पुढच्या बाजूला गेल्या. तिथे पायरीवर सरांच्या पत्नी वाऱ्याला बसल्या होत्या. अध्यक्षबाईंनी दरवाजे पाहिले, समुद्र पाहिला आणि विचारलं, "हे काय?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी नकाशा कसा धरायचा ते पाच मिनिटांत समजावून दिलं.

अध्यक्षबाई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. "या वखारींवरच्या अकरा प्रबंधांची मी परीक्षक होते," त्या हळूच म्हणाल्या. "अकराही मी पास केलेत."

समारोपाच्या सत्रात अध्यक्षबाईंनी स्वतः ठराव मांडला: प्रत्यक्ष स्थळ पाहिल्याने संशोधकाची तटस्थता ढळते, सबब यापुढे परिषदेत सहली ठेवू नयेत. बंदरसरांनी अनुमोदन दिलं. खंडनकारांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. ठरावाच्या बाजूने चाळीस हात वर गेले.

बाईंनी विरोधात हात वर केला होता. पण त्या प्रतिनिधी नव्हत्या, नुसत्या सोबत आलेल्या होत्या. ठराव एकमताने मंजूर झाला.