वाघाच्या गळ्यातला पट्टा

एका जंगलात, जिथे आता सागापेक्षा टॉवर उंच आहेत, एक जुना रिवाज होता. मुलांनो, नीट बसा, सांगतो.

शेपटेमामा नावाचा म्हातारा वानर झाडावर बसून पाला खायचा. अर्धा खायचा, अर्धा खाली सांडायचा. खाली चितळांचा कळप तो सांडलेला पाला खायचा. वाघ दिसला की मामा मोठ्यानं खाकरायचा. जुन्या घरांत सासरे आत येण्याआधी खाकरायचे, तसा. ते ऐकलं की चितळं पळायची आणि वाघ मामाला शिव्या देत उपाशी परत जायचा.

पुढे जंगलात हुशार पट्टे आले. गळ्यात बांधायचे. वाघ जवळ आला की पट्टा थरथरून सूचना देणार, असं ठरलं.

हसू नका. माझ्याही मनगटावर तसलं घड्याळ आहे. ते म्हणतं पाणी प्या, की मी पितो. हेच बायको कित्येक वर्षं सांगत होती, तेव्हा मला ऐकू येत नव्हतं.

पण वाघ कुठे आहे हे कळायला वाघाच्या गळ्यातही पट्टा हवा. म्हणून जंगलाचे पुढारी, मोर पिसारेसाहेब, वाघाकडे गेले. वाघानं विचारलं, "यात माझा काय फायदा?"

"महाराज, सगळ्यांना जे मिळतं तेच तुम्हाला. कोण कुठे आहे ते दिसेल."

वाघानं लगेच मान पुढे केली. सभेत समानतेसाठी टाळ्या पडल्या. माझा स्वभाव मला ठाऊक आहे, मी तिथे असतो तर सगळ्यात जोरात वाजवल्या असत्या.

पहिला टॉवर मंद होता. 'वाघ येत आहे' ही सूचना पोचायची, तेव्हा वाघ येऊन, हात हलवत परत जाऊन झोपलेला असायचा. मामाचं खाकरणं चालू होतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पिसारेसाहेबांचं मात्र अडलं. त्यांचं म्हणणं, दोष पट्ट्यात नाही, वेगात आहे.

मग वेगवान टॉवर आला आणि सगळं जंगल एकमेकांशी जोडलं गेलं. पाणवठा कळवू लागला की माझ्यात पाणी आहे. उंबर कळवू लागला की मी पिकलो. कोल्ह्याच्या बिळाचं दार कोल्ह्याला ओळखून आपोआप उघडू लागलं. रेंज गेली की कोल्हा बाहेर बसून राहायचा.

मामाला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. त्यानं एवढंच विचारलं, की वाघ जसा आपल्याला लगेच दिसणार, तसे आपणही त्याला लगेच दिसणार का. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला आपलं काम सुटल्याचं दुःख आहे. मामानं नारळ खाल्ला आणि शाल पांघरून झाडावर जाऊन बसला.

त्याच सुमारास चांदी नावाच्या चितळीला पाडस झालं. पट्टा बारशाला बांधायची पद्धत पडली होती, म्हणून त्याचा गळा अजून मोकळा होता. चांदी त्याला उंच गवतात लपवून जवळच चरायची.

एका दुपारी तिचा पट्टा थरथरला. 'वाघ हाकेच्या अंतरावर.' त्याच क्षणी वाघाचाही थरथरला. 'चितळ हाकेच्या अंतरावर.' वेग दोघांना सारखाच मिळाला होता. तक्रारीला जागा नव्हती.

चांदीनं पुन्हा पाहिलं. पट्टा विचारत होता, 'पळायचे आहे का? हो किंवा नाही दाबा.' खुरानं काही दाबलं जाईना. वाघ पाडसाच्या गवताशी येऊन पोचला होता.

वर शालीत डुलक्या घेणाऱ्या मामानं डोळे उघडले, खाली पाहिलं आणि जन्माच्या सवयीनं खाकरला.

चांदीचे पाय तिच्या आधी शहाणे झाले. ती पाडसापासून दूर, नाल्याकडे धावली. वाघ पट्ट्यावरचा तिचा ठिपका बघत मागे निघाला. पाडसाच्या अगदी शेजारी त्याला वास आला आणि तो थांबला. पण पट्टा म्हणाला, 'येथे कोणी नाही.' वाघानं नाकाला गप्प बसवलं. मीही तेच केलं असतं. चांदीनं एका उडीत नाला पार केला. वाघ ठिपक्याकडे बघत सरळ चिखलात गेला.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. वेगवान टॉवरमुळे एक आई वाचली, असं पिसारेसाहेबांनी जाहीर केलं. सूचना चालू असताना मध्येच आवाज केल्याबद्दल मामाला समज दिली. मग कुणीतरी काळजीनं म्हणालं, चांदीचं बाळ इतके दिवस पट्ट्याशिवाय होतं, काही झालं असतं म्हणजे?

बारसं त्याच सभेत उरकायचं ठरलं. पिसारेसाहेब छोटासा पट्टा घेऊन पुढे आले. वाघ पाडसाशेजारी थांबूनही पुढे कसा गेला, ते चांदीनं पळता पळता वळून पाहिलं होतं. तिला सगळं कळलं होतं. ती मामाकडे बघून म्हणाली, "मामा, सगळ्यांच्या मुलांना आहे. माझ्याच पोराला नको कसं म्हणू?"

मामानं शाल डोक्यावरून घेतली. पाडसाला नवा पट्टा आवडला असावा, त्यानं आनंदानं मान पुढे केली.

तिकडे नाल्याकाठी वाघ पंजांवरचा चिखल चाटत बसला होता. त्याचा पट्टा थरथरला. 'नवीन चितळ जोडले गेले.'

तात्पर्य: जो वाचवतो त्याला शाल देऊन घरी बसवावं, जे वाचवत नाही, त्याचा वेग वाढवावा. हे मी उभ्यानं सांगतो आहे, कारण घड्याळानं आत्ताच मला उभं राहायला सांगितलं.