खांबेट्यांचं वॅक्स

तमाम वाचकांनी कृपया सरसावून बसावं, बाब अत्यंत गंभीर आहे. नव्वदच्या दशकात लखनौच्या विकास नगरात डॉक्टर खांबेटे नावाचे एक ऊसशास्त्रज्ञ राहत असत आणि त्यांच्या डाव्या हातावर औषधालाही केस नव्हता. उजव्या हातावर मात्र घनदाट जंगल होतं.

बँकेनं माझी लखनौला बदली केली, तेव्हा हे माझे शेजारी. पहिल्या भेटीत त्यांनी हात जोडले आणि माझा नमस्कार अर्ध्यावरच थांबला. यातला एक हात यांचा, मग दुसरा कुणाचा?

"वॅक्स," ते म्हणाले. "घरीच करतो. या ना, पाक चढवलाय."

मी बिचारा चहाच्या आशेनं गेलो. गॅसवर पातेलं, पातेल्यात साखर, लिंबू, पाणी आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर!

"एकतारीला जिलबी, गोळीबंदला तिळाच्या वड्या," डॉक्टर म्हणाले. "त्या दोघींच्या मधल्या गल्लीत वॅक्स राहतं. पत्ता चुकला की संपलं!"

पत्ता चुकला तरी साखर वाया जात नसे. पाक पुढे गेला की ते त्यात तीळ ढकलत. त्या संक्रांतीला लखनौतल्या मराठी मंडळींनी मिटक्या मारत खाल्लेल्या वड्या मुळात कशासाठी जन्मल्या होत्या, हे फक्त मला ठाऊक होतं. मीही सात खाल्ल्या.

वॅक्स होतं डॉक्टरांच्या पत्नीसाठी, सुमनवहिनींसाठी. पूर्वी त्या स्वतःच दर महिन्याला घरी करत. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परतलं, चालणं परतलं, उजवा हात हलूही लागला. पण त्या हाताला काही म्हणजे काही जाणवेना. चिमटा काढा, सुई टोचा, वहिनी आपल्या खिडकीबाहेर बघताहेत. जाणीव परत येईल का, यावर इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "देखिए, कुछ कह नहीं सकते."

तेव्हापासून पातेलं खांबेट्यांकडे आलं. बधिर हात भाजला तरी कळायचं नाही, म्हणून प्रत्येक घाणा आधी त्यांच्या स्वतःच्या डाव्या हातावर. जंगलतोडीचं कारण हे.

"साखरेवर डॉक्टरेट घेतली," वहिनी मला म्हणत, "आणि आता बायकोचे केस उपटताहेत. अच्छा है!"

एका रविवारी मी हा सोहळा पाहिला. आधी पावडर, मग बटर लावायच्या सुरीनं वॅक्सचा पातळ थर, वर जुन्या सुती साडीची पट्टी आणि उलट्या दिशेनं, सर्रकन!

"दुखलं?"

"नाही."

डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'नाही', आणि तोंड पाडून बसले. मी चक्रावलो. मला वाटत होतं, हा माणूस न दुखणारं वॅक्स शोधतोय. मग ते सापडल्यावर पेढे वाटायचे सोडून सुतकात का?

"अभिनंदन, डॉक्टर!" मी म्हणालो. "वॅक्स जमलं!"

"तुमचा हात द्या."

दिला. सर्रकन! मी असा केकाटलो की गल्लीतली कुत्री उठून बसली.

"हं. म्हणजे पाक बरोबर आहे," ते आणखीच खिन्नपणे म्हणाले आणि पातेलं विसळायला आत गेले.

मी हात चोळत वहिनींकडे पाहिलं. यांना नेमकं हवंय तरी काय?

"दर महिन्याला विचारतात," त्या हळूच म्हणाल्या. "मागं एकदा मी खोटंच 'दुखलं' म्हटलं. बरं वाटेल त्यांना, म्हणून. लगेच म्हणाले, 'सुमन, तुझी पापणीसुद्धा हलली नाही.' शास्त्रज्ञाशी संसार, दुसरं काय!"

त्यानंतर मी चेष्टा थोडी कमी केली. पूर्ण बंद नाही, स्वभाव आहे.

होळीच्या आधीच्या रविवारी मी कोथिंबीर मागायला म्हणून गेलो, तर सोहळा चालूच. उजव्या हाताच्या कोपराजवळ पट्टी बसली होती. डॉक्टरांनी ती सवयीनं ओढली.

"आई गं!" वहिनी ओरडल्या. "अहो, कातडं सोलताय का माझं?"

आणि दचकल्या. आपण काय बोललो, ते त्यांचं त्यांनाच उमगेना. डाव्या हातानं त्या कोपर चाचपू लागल्या, पुन्हा पुन्हा.

डॉक्टरांनी 'दुखलं का' हे विचारलंच नाही. वही उघडली, उलटी धरली, मिटली. चष्मा काढला, तो वॅक्सला चिकटला. तेवढ्यात खाली भाजीवाल्याची हाळी आली, तसे ते हातातली केसाळ पट्टी निशाणासारखी नाचवत गॅलरीत धावले आणि त्या तोंड उघडं टाकून वर बघणाऱ्या भाजीवाल्याला ओरडून म्हणाले,

"भैया, दर्द हुआ! इनको दर्द हुआ!"