शिल्लक मावा : शून्य

सन चौतीसच्या हिवाळ्यात गिरधरनानांच्या परसातल्या वालाच्या वेलावर काळा मावा पडला. नाना धुळ्याच्या एका शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि छापलेलं काहीही खरंच असतं, अशी त्यांची जन्माची श्रद्धा होती. त्यामुळे त्यांची बायको धुरपदाबाई ओलं फडकं घेऊन वेलाकडे निघाली, तेव्हा नाना आडवे आले.

"थांब! सरकारी पत्रक आलंय. 'पहाटे पानांवर दव असताना चाळलेली राख धुरळावी आणि परिणाम कळवावा.'"

"मावा पुसाले सरकार कसाले लागस?" धुरपदाबाई म्हणाली. तिचा जीव त्या वेलात होता. सुंदर नावाची त्यांची लेक बाळंतपणाला येणार होती आणि घरच्या शेंगा खायच्या म्हणून तिनं मुद्दाम कळवलं होतं.

नानांनी राख धुरळायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी घरातली राख संपली.

"मंग मी भांडा कसावरी घासू?" धुरपदाबाईनं विचारलं. पत्रकात याचं उत्तर नव्हतं.

पाचव्या पहाटे शेजारच्या बेबाबाईनं कुंपणावरून घमेलंभर राख दिली. "सांभाळी ल्या, नाना. चुल्हामाधली ताजी राख शे."

राख किती ताजी असावी, याबद्दलही पत्रक गप्प होतं. नानांनी घमेलं कुंपणाशी उपडं केलं आणि चाळणी आणायला ते आत गेले. कुंपण कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं होतं.

"पीठनी चाळणी मी देवाव नही!" धुरपदाबाई म्हणाली.

"अगं, पत्रकात 'चाळलेली' असं स्पष्ट लिहिलंय!"

हा वाद रंगात आला असताना बाहेरून बेबाबाईची हाक ऐकू आली, "अक्का! कुंपण पेटनं!"

राखेत निखारे होते. तिघांनी हंड्यांनी पाणी ओतून आग विझवली. वेलाला झळसुद्धा लागली नव्हती. फक्त दोन घरांमधलं कुंपण बैलगाडी जाईल एवढं मोकळं झालं होतं.

मग दोष कुणाचा यावर बोलणं सुरू झालं.

"मी सांगेल व्हतं, ताजी शे!"

"निखारे आहेत असं कुठं सांगितलं होतंत?"

"ताजी म्हंजे काय, नाना?"

मास्तरांना शब्दाचा अर्थ विचारल्यावर ते सहज थांबणारे नव्हते. त्यांनी 'ताजी' या विशेषणाचे तीन अर्थ सांगितले. तिसरा चालू असताना धुरपदाबाईनं मागे वळून पाहिलं. बेबाबाईच्या दोन बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहून मांडवावरचं शेवटचं पान तोडत होत्या.

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. सुंदर आली तेव्हा बेबाबाईनं आपल्या छपरावरच्या वालाच्या टोपलीभर शेंगा आणून दिल्या. तिच्याही वेलावर मावा आला होता. तिनं तो फडक्यानं पुसला होता.

परिणाम मात्र कळवायचा होता. नाना खोटं लिहिणाऱ्यातले नव्हते. "आता वेलावर मावा नाही," असं लिहून त्यांनी पुढे निखारे, कुंपण, बकऱ्या, सगळं चार पानांत सविस्तर कळवलं.

पंधरा दिवसांनी शेतकी खात्याचे एक साहेब दारात आले. त्यांनी नानांचा हात हातात घेतला. "मास्तर, सबंध जिल्ह्यातून तुमचं एकट्याचं उत्तर आलं. पहिली ओळ वाचली आणि निघालोच."

"पुढची वाचलीत का?"

"वेळ कुठे मिळतो? चला, वेल दाखवा."

परसात चार उघडे बांबू उभे होते. साहेबांनी ते चारी बाजूंनी नीट पाहिले, एका बांबूवर बोट फिरवलं आणि फॉर्मावर लिहिलं, 'शिल्लक मावा : शून्य.'

"साहेब, वेलही शिल्लक नाही," नाना कळवळून म्हणाले. "ते लिहा ना कुठेतरी."

साहेबांनी फॉर्म वरून खालपर्यंत पाहिला, मग उलटून पाहिला.

"त्याला यात रकाना नाही, मास्तर."

चहा घेऊन आलेली धुरपदाबाई कपबशी पुढे करत म्हणाली, "मंग बकरीस्ना नाव तरी लिखी ल्या, साहेब. काम त्यासनीच करं."