नाकाने पाडलेला ठराव

चष्मेवाल्या भन्तेंच्या डोळ्याला एकवीस दिवस डोळा लागला नव्हता. शेजारच्या खोलीत थोरले भन्ते झोपत, आणि मधली भिंत एका विटेची. दिवे मालवले की पलीकडून घोरणं सुरू व्हायचं, ते थेट पहाटेच्या घंटेपर्यंत. चष्मेवाल्यांनी मैत्रीभावनेचं ध्यान करून पाहिलं, कानात कापूस कोंबून पाहिला. त्यातल्या त्यात कापूस बरा ठरला.

शेवटी तक्रार संघापुढे गेली. विहाराची रीत अशी, की तंटा समोरासमोर मांडायचा, मग विहाराचे प्रमुख असलेल्या महास्थविरांनी तोडगा तीनदा वाचायचा. तिन्ही वेळा सगळे गप्प राहिले तर मंजूर. कुणी आवाज काढला तर ठराव पडला, आणि पडलेला ठराव पुन्हा मांडायचा नाही.

"भन्ते, तुम्ही घोरता?" महास्थविरांनी थोरल्यांना विचारलं.

"लोक म्हणतात. मी अजून ऐकलं नाही," थोरले प्रामाणिकपणे म्हणाले.

विहारात मोकळी जागा एकच, सरपणाची खोली. "ज्यांना त्रास होतो, त्यांनी तिथे राहायला जावं," महास्थविरांनी ठराव वाचला. त्या खोलीत लाल मुंग्यांचं राज्य होतं. पण महास्थविरांपुढे नाही म्हणायची चष्मेवाल्यांची छाती होईना. दुसरं वाचन झालं. तिसऱ्या वाचनाला कोठी सांभाळणारे भन्ते शिंकले.

"विरोध झाला," चष्मेवाले ताडकन म्हणाले.

"अहो, शिंक ती. धान्य पाखडून आलोय मी," कोठीवाले म्हणाले.

"नियमात नुसतं आवाज म्हटलंय. तोंडातून की नाकातून, ते कुठे म्हटलंय?"

तासभर काथ्याकूट झाला. चष्मेवाले इतक्या हिरिरीने बोलले, की अखेर संघाने मान तुकवली. नाकातला आवाज हाही आवाजच, असा निर्णय वहीत चढला आणि पहिला ठराव पडला.

जेवणं उरकल्यावर दुसरा ठराव आला. "ज्यांच्यामुळे त्रास होतो, त्यांनी सरपणाच्या खोलीत जावं." सगळे गप्प. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या वाचनालाही चिडीचूप. थोरले भन्ते बिचारे मान खाली घालून बसले होते. आता काय, आजपासून झोपच झोप. चष्मेवाल्यांनी समाधानाने पाठ खांबाला टेकवली.

तिसरं वाचन त्यांना ऐकूच आलं नाही.

ते जागे झाले तेव्हा संध्याकाळची घंटा वाजत होती. सभागृह रिकामं होतं. त्यांच्या डोक्याखाली कुणीतरी चीवराची घडी सरकवली होती, आणि समोर थोरले भन्ते काखेत चटई धरून बसले होते.

"ठराव झाला ना मंजूर?" चष्मेवाल्यांनी डोळे चोळत विचारलं.

"पडला. एकांनी विरोध केला. नाकाने."

"कोण तो शहाणा?"

थोरल्यांची नजर खांबाकडे गेली. चष्मेवाल्यांनी आधी खांबाकडे पाहिलं, मग डोक्याखालच्या घडीकडे, आणि त्यांचे कान हळूहळू तापले.

"मग ही चटई घेऊन कुठे निघालात, भन्ते?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"सरपणाच्या खोलीत. आपणहून."

"पण का?"

"मधली भिंत एका विटेची आहे," थोरले भन्ते उठत म्हणाले, "आणि दुपारभर मी इथेच ऐकत बसलो होतो."