घागर आणि बादलीचे प्रकरण

भुजंगराव स्वतःची ओळख करून देताना आधी डोळे मिटत असत. मग म्हणत, "चोर कोणीही पकडतो. मी मन पकडतो. अख्ख्या मराठवाड्यात माणसाच्या मनात शिरून बाहेर येणारा गुप्तहेर एकच, तो तुमच्यासमोर बसला आहे." शेवटचे दोन शब्द खरे होते. ते बसलेलेच असत. जकात नाक्यावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकल्या होत्या.

दुसऱ्या खुर्चीवर शिवप्पा बसायचा. दिवाळीत त्याची बायको कमलम्मा गेली, तेव्हापासून घर खायला उठायचं. कापडाचं दुकान मुलगा बघायचा. इथं निदान कोणीतरी सतत बोलत असतं, एवढ्यासाठी शिवप्पा गुप्तहेराचा मदतनीस झाला होता.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, कारकून आले, साहेबांच्या जीपगाड्या आल्या. पाणी मात्र आलं नाही. गल्लीच्या उतारावर एकच नळ होता आणि पहाटेपासून त्याच्यापुढे भांड्यांची रांग लागायची. माणसं घरी जायची, भांडी नंबर धरून उभी राहायची. कमलम्मा होती तोवर शिवप्पाने ही रांग लांबूनच पाहिली होती. आता तो रोज तेलाचा रिकामा डबा घेऊन यायचा.

एप्रिलातल्या एका सकाळी किराणा दुकानदार चंद्रप्पा आला आणि इकडेतिकडे बघून टेबलाला खेटून उभा राहिला.

"भुजंगराव, इज्जतीचा सवाल हाय."

सवाल असा होता. चंद्रप्पाची मुलगी शिवकांता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या घरची घागर रोज रांगेत एकाच बादलीला चिकटून उभी असते, हे चंद्रप्पाने दुकानातून पाहिलं होतं. बादलीवर रंगाने 'भीमाशंकर, मुदखेड' लिहिलेलं होतं. हा भीमाशंकर नव्या कचेरीतला कारकून, नळासमोरच्या घरात वरच्या खोलीतला भाडेकरू. पोरीला काही विचारलं तर बोभाटा होईल, म्हणून चंद्रप्पाने ठरवलं होतं, की भानगड असेल तर तिला गुरुवारच्या गाडीने निलंग्याला मावशीकडे पाठवायचं.

"आणि परीक्षा?" शिवप्पाने विचारलं.

"इज्जत राहिली तर परीक्षा पुन्हा देता येते," चंद्रप्पा म्हणाला.

भुजंगरावांनी डोळे मिटले. जावयाच्या कपाटातलं मानसशास्त्राचं एक जाड पुस्तक त्यांनी अर्धं वाचलं होतं. सान्निध्य, ते म्हणाले. माणूस रोज ज्याच्या शेजारी असतो, त्याच्यावर त्याचा जीव जडतो. हे शास्त्र आहे.

शिवप्पाने गिरणीकडे पाहिलं. गेली दोन वर्षं भुजंगराव तिच्या शेजारी बसत होते आणि रोज तिला शिव्या देत होते.

दुपारी दोघांनी रांगेची पाहणी केली. घागरीला डावीकडे पोचा होता, बादलीलाही डावीकडेच. भुजंगरावांचा श्वास अडकला. साम्य! सारख्याला सारखं ओढतं. शिवप्पा म्हणाला, गल्लीत पोचा नसलेलं भांडंच न्हाई. मग भुजंगरावांनी तिसरा सिद्धांत काढला. भीतीने छाती धडधडते आणि माणसाला वाटतं, हे प्रेमच. नळाला पाणी आलं की इथं मारामारी होते, छाती धडधडते, समोर कारकून दिसतो. संपलं.

"असं असतं तर आतापर्यंत सगळी गल्ली पळून गेली असती," शिवप्पा म्हणाला.

संध्याकाळी शिवकांताने शिवप्पाला वाटेत गाठलं. बापाचा बेत तिच्या कानावर गेला होता. डोळे लाल झालेले, पण आवाज सरळ होता.

"काका, मी त्या माणसाला ओळखतबी न्हाई. मावशीकडं गेले की मला परत कोण आणतंय? तुम्ही तरी सांगा ना भुजंगरावांला."

शिवप्पाने भुजंगरावांना सांगितलं. भुजंगराव म्हणाले, नकार ही प्रेमाची पहिली पायरी. मग होकार कितवी, असं शिवप्पाने विचारलं. ते पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्यात होतं.

बुधवारी सकाळी निर्णायक प्रयोग ठरला. प्रेमी जीवांची ताटातूट करायची आणि कोण तळमळतं ते बघायचं. चंद्रप्पाला साक्षीला बोलावलं. भुजंगरावांनी मान ताठ केली आणि बादली उचलली.

तळमळली ती घागर. आधी डुलली, मग आडवी झाली आणि उताराने निघाली. वाटेत तिने दोन कळशा, एक हंडा आणि शिवप्पाचा डबा बरोबर घेतला. सगळी वरात ठणठणत गटारापाशी जाऊन थांबली. घराघरातून बायका धावत आल्या. नंबर कुणाचा कुठला, काही कळेना. सगळ्यात पुढे चंद्रप्पाची बायको उमाबाई होती.

"बादली कोणी काढली?"

भुजंगरावांच्या हातात बादली होती, त्यामुळे तपास लवकर आटोपला.

उमाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळली.

"घागर मी ठेवते. रोज. बुडाला गोल हाय, उतारावर टिकत न्हाई, म्हणून सपाट बादलीला टेकवते. आधी चुंबळ ठेवत होते खाली, ती तीनदा चोरीला गेली. त्याचा तपास कोणाला सुचला न्हाई. लग्न झाल्यापासून कधी घागर उचलली असती, तर पोरीवर ही पाळी आली नसती."

चंद्रप्पा बराच वेळ घागरीच्या बुडाकडे बघत राहिला. भुजंगराव म्हणाले, आधाराचा सिद्धांत आपण सांगणारच होतो. कोणी ऐकलं नाही.

गलका ऐकून भीमाशंकर खाली आला. आपल्या बादलीवरून एवढं काय झालं, ते त्याला समजेना. शिवकांताने भुजंगरावांच्या हातातून बादली घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

"तुमची बादली. फुकट बदनाम झाली बिचारी."

"मुदखेडची हाय," तो म्हणाला, "मनाला लावून घेत न्हाई."

ती हसली. निलंग्याची गाडी तिला न घेता गेली. उमाबाईने घागरीला लावायला एक चांगला चपटा दगड आणून ठेवला. परीक्षा झाली, पेपर चांगले गेले.

नंतर एका पहाटे शिवप्पाने माळ्यावरून कमलम्माची घागर काढली. डबा त्या वरातीत कायमचा चेपला होता. घागर घेऊन तो रांगेत आला, पण ती काही केल्या उभी राहीना. पुढे शिवकांता होती. आता ती स्वतःच पाणी भरायला यायची. तिने त्याची खटपट पाहिली, आपल्या घागरीजवळचा चपटा दगड उचलला आणि त्याच्या घागरीखाली सारला.

"घ्या काका. मला नको."

तिची घागर मुदखेडच्या बादलीला टेकलेली होती.

"काही विशेष?" भुजंगरावांनी खुर्चीतून विचारलं.

शिवप्पाने कमलम्माच्या घागरीवर हात ठेवून पाहिला. ती हलत नव्हती.

"न्हाई," तो म्हणाला. "भांडी उभी हायत."