विहिरीतला नवरा

"अंडी मादी सांभाळतली आणि मादीक मी सांभाळतलंय! पिल्लां बघूक ये तू," गुरुदासांनी मुंबईच्या मुलीला, आकांक्षाला, फोनवर ठणकावून सांगितलं.

शिरोड्याच्या घरात काचेच्या टाकीत ड्वार्फ सिक्लिडची जोडी होती. बोटाएवढे मासे, पण तोरा सुरमईचा! बायकोने, सावित्रीने, हौसेने आणलेले. तिला पिल्लं बघायची होती, पण ती गेली आणि ते राहून गेलं. आता टाकीतल्या उलट्या करवंटीत अंडी दिसली, तेव्हा गुरुदासांनी ठरवलं, यातलं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही.

पण अंडी घातल्याबरोबर मादी हळदीसारखी पिवळी झाली आणि नवऱ्याच्या मागे लागली. तो बिचारा फिल्टरच्या आड अंग चोरून बसला. त्याची शेपटी फाटली. गुरुदासांना आपले दिवस आठवले. मोदक वळताना सावित्रीही त्यांना स्वयंपाकघरातून हाकलायची. पण चावली कधी नव्हती!

त्यांनी नराला कळशीत काढलं आणि झाकण शोधायला आत गेले. परत येतात तो कळशी पालथी! बाजूला शेजारी राहणारी थोरली बहीण काशीबाई.

"गो बाय, कळशेतलो मासो खंय?"

"विहिरीत सोडलंय. डास खातलो. गेल्या वर्षी पंचायतीन दिल्लेले, तसलोच मां?"

गुरुदास धावले. तांदूळ धुवायची रोवळी दोरीला बांधून विहिरीत सोडली, कठड्यावर पोट टेकलं आणि विनवण्या सुरू केल्या. "ये रे बाबा! नाय येणस? थांब, मीच खाली येतंय!"

शेजारच्या माडावर बाबू नारळ पाडत होता. त्याने हे ऐकलं आणि सरसर उतरून त्यांच्या कमरेला मिठीच मारली.

"सोड रे! तो खाली आसा!"

"कोण?"

"नवरो!"

"कोणाचो?"

"तिचो!"

"काकीचो नवरो तर तुमीच मां, काका! मी सोडूचंय नाय!"

काशीबाईने गळा काढला. "सावित्री गेली म्हणान तू पण चललंस काय रे!" वाडी गोळा झाली. कुणी लिंबूपाणी पाजलं, कुणी मुंबईला फोन लावला. गुरुदास "मासो, मासो" म्हणत होते. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला!

दुसऱ्या दिवशी आकांक्षा आठवड्याची रजा टाकून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी हजर. रजा संपायच्या आत करवंटीतून मोहरीएवढी पिल्लं बाहेर पडली, पिवळ्या आईच्या मागे थव्याने. बापलेक टाकीसमोर बसून राहिले. जेवणं करपली.

नर काही रोवळीत आला नाही. टाकीतही त्याच विहिरीचं पाणी, तेव्हा त्याला काय धाड भरली होती? डास खाऊन चांगला फुगलाय. गुरुदास रोज पाणी काढताना वाकून त्याला खबर देतात, "पोरां बरी आसत. ती अजून पिवळीच आसा. तू थंयच रव." मागून बाबूने सदरा घट्ट धरलेला असतो.

वाडीत सगळे हळहळतात, बिचारा अजून बायकोशी बोलतो. गुरुदास कळशी उचलून घरात येतात. माशाशी बोलतो म्हणून सांगायचं तरी कुणाला!