रक्तदाबाचे एकवीस संशयित

सकाळी दहाला रक्तदाब ९६ वर ५८. संध्याकाळी सातला १६८ वर १०२. माणूस तोच, हात डावाच, यंत्रही तेच. सलग सोळा दिवस.

हे आकडे रंगाच्या कारखान्यातील प्रयोगशाळाप्रमुखांचे होते. त्यांच्या नजरेतून एक जाडाभरडा कण सुटत नसे, म्हणून कामगार त्यांना पाठीमागे चाळणीसाहेब म्हणत. निवृत्तीचे वय झाले असूनही त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती. अट एकच: सोमवारी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी प्रकृती ठीक असल्याचा दाखला द्यायचा. दाखला नाही मिळाला तर साहेब कायमचे घरी. या शक्यतेने त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नीची झोप अधिक उडाली होती.

"कारण मी चार दिवसांत शोधतो," साहेबांनी जाहीर केले. "एकेक घटक वगळत जायचं. हाय काय अन् नाय काय."

"अहो, पण डॉक्टरांनाच सरळ विचारा ना."

"डॉक्टर अंदाज करतात, गं. मी मोजतो."

स्वयंपाकघराच्या दारावर एकवीस संशयितांची यादी लागली. पहिल्या दिवशी मीठ हद्दपार झाले. जेवण इतके मिळमिळीत झाले की मांजराने दुसरे घर पाहिले. दुसऱ्या दिवशी यंत्रावर संशय आला, म्हणून त्याचा पट्टा पत्नीच्या दंडाला अकरा वेळा बांधला गेला. अकराही वेळा ११८.

"तुझा दाब हलत कसा नाही?"

"तुमच्याशी लग्न झालंय माझं. काय हलायचं ते पहिल्याच वर्षी हलून झालं."

तिसऱ्या दिवशी गोंगाटाची पाळी आली. साहेबांनी दारावरच्या घंटीची वायर काढली. मेहुणी पाऊण तास बाहेर बटण दाबत उभी राहिली आणि तोंड फुगवून निघून गेली. संध्याकाळचा आकडा १७० झाला.

चौथ्या दिवशी, शनिवारी, सकाळी दहाला साहेब नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर वाकले असता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते हळूच त्यावर टेकले. त्यांना सोडवल्यावर पत्र्यावर चष्म्यासकट पूर्ण साहेब उमटलेले होते. तो पत्रा बाजूला काढायला कोणी तयार होईना. "साहेबांनी जातीनं पास केलाय," एक कामगार म्हणाला.

निळे साहेब घरी आले. पत्नीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. ती हसली नाही.

"पत्र्याऐवजी शेजारचं चालतं मशीन असतं तर?" एवढेच म्हणून तिने यादी दारावरून उतरवली.

सोमवारी ती स्वतः बरोबर गेली. डॉक्टरीणबाईंनी साहेबांनी काढून आणलेला आकड्यांचा तीन रंगांतला आलेख पाहिला.

"रक्तदाबाची गोळी रोज घेता?"

"आठ वाजून पाच मिनिटांनी. फरक पडलाच तर तीस सेकंदांचा."

"पाण्याबरोबर अख्खी गिळता ना?"

साहेबांना हसू आले. "अख्खी? बाई, पस्तीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट शिकवली. कण जितका बारीक, तितका परिणाम एकसारखा. खलात वीस मिनिटं घोटतो."

"वरून फडक्यातून चाळतातसुद्धा," पत्नी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "पाकीट आणलंय? मागे काय लिहिलंय, वाचा."

साहेबांनी वाचले. गोळी फोडू, चावू किंवा कुटू नये.

"ही सूचना सर्वसामान्य लोकांसाठी असावी, असं मी धरून चाललो."

"असामान्यांसाठी वेगळी गोळी निघत नाही."

"मग आजपासून बंद करू?"

"मनानं काही बंद करायचं नाही. उद्यापासून अख्खी गिळा, रोजचे आकडे मला कळवा, आणि चक्कर आली तर तडक इकडे या. दाखल्याचं तीन आठवड्यांनी बघू."

तीन आठवडे, म्हणजे एकवीस दिवस साहेब घरी. पत्नीने डोळे मिटून घेतले.

कारण असे होते. त्या गोळीची घडण औषध दिवसभर थोडे थोडे सुटावे अशी होती. पूड केल्यावर ती घडण मोडली. बहुतेक औषध सकाळीच रक्तात उतरले आणि संध्याकाळसाठी फारसे उरले नाही. एकवीस संशयितांत खल नव्हता, कारण यादी घोटणाऱ्यानेच केली होती.